सकाळी चावी फिरवताच निघणारा धूर

या महिन्यात जुन्या गाड्यांच्या धुराविषयी तीन पत्रे आली आहेत. तिन्ही पत्रांतली तक्रार वरवर एकच दिसते: रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की सायलेन्सरमधून धूर निघतो. प्रत्यक्षात तिन्ही गाड्यांची स्थिती वेगवेगळी आहे आणि त्यांतल्या एका गाडीला तर काही झालेलेच नाही. पहिल्या पत्रात विचारलेली अडचण अनेक घरांतली असल्याने तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९९८ साली घेतलेली मारुती ८०० आजही आमच्या घरी वापरात आहे. गाडी कार्ब्युरेटरची आहे आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यापासून तिची फेरनोंदणी वेळच्या वेळी केलेली आहे. गेल्या वर्षभरापासून सकाळी गाडी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट बाहेर पडतो आणि अर्ध्या-एक मिनिटात थांबतो. नंतर दिवसभर धूर दिसत नाही. गेल्या महिन्यात रत्नागिरीला जाताना मात्र, आंबा घाट उतरून सपाटीला लागल्यावर आमच्या गाडीतून धूर निघाल्याचे मागच्या गाडीतून येणाऱ्या भाच्याने सांगितले. दोन हजार किलोमीटरमागे साधारण अर्धा लिटर ऑइल घालावे लागते. पीयूसी दर वेळी विनासायास मिळते. एका गॅरेजमध्ये दाखवले असता त्यांनी काहीही न तपासता फुल इंजिन करावे लागेल, म्हणजे सगळे इंजिन खोलून दुरुस्त करावे लागेल, असे सांगितले. तो खर्च गाडी विकून जेवढे पैसे येतील त्याहून अधिक आहे आणि गाडी विकायची घरात कोणाचीच इच्छा नाही. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण भाच्याचे निरीक्षण जाता जाता लिहिले आहे, पण आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. धुराचा रंग पाहून निदान करण्याची आपल्याकडे सवय आहे. निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे जास्तीचे पेट्रोल आणि पांढरा म्हणजे पाणी, हा ठोकताळा चुकीचा नाही, परंतु तो अर्धवट आहे. ऑइल जळते आहे एवढेच निळ्या रंगावरून कळते. ते ऑइल सिलिंडरमध्ये वरून उतरते आहे की खालून चढते आहे हे कळायचे असेल, तर धूर नेमका केव्हा येतो आणि किती वेळ टिकतो हे पाहावे लागते. आपल्या बाबतीत सगळा खर्च याच एका गोष्टीवर ठरणार आहे.

ऑइल वरून उतरण्याची वाट म्हणजे व्हॉल्व्हचे, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावर उघडमीट करणाऱ्या झडपांचे, गाइड. आपल्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, असे एकूण सहा व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येक व्हॉल्व्हची दांडी एका नळीसारख्या गाइडमधून वरखाली होत असते आणि गाइडच्या तोंडावर रबराची एक छोटी टोपी घट्ट बसवलेली असते. तिलाच व्हॉल्व्ह सील म्हणतात. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरखाली सतत उडणारे ऑइल दांडीवरून ओघळून सिलिंडरमध्ये जाऊ नये, एवढेच या टोपीचे काम. वर्षानुवर्षे तापलेल्या ऑइलच्या सान्निध्यात राहून हे रबर कडक होते. नवे सील बोटांत दाबले तर लवते आणि सोडल्यावर मूळ आकारात येते. पंचवीस वर्षे चाललेल्या गाडीतून काढलेले सील नखाने दाबले तर वाळलेल्या पापडासारखे तुटते. असे सील दांडीला धरून राहत नाही. रात्री गाडी उभी असताना हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागात, साचलेले थोडे थोडे ऑइल दांडीवरून खाली झिरपते, सकाळी पहिल्या काही फेऱ्यांत ते जळते आणि संपले की धूर थांबतो. आपण वर्णन केलेला अर्ध्या-एक मिनिटाचा लोट अगदी असाच असतो.

आता घाटाचे पाहू. गाडी गिअरमध्ये ठेवून आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतार उतरताना कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, पण पिस्टन मात्र वेगाने हवा ओढत असतात. त्यामुळे आत निर्वात पोकळीचा जोर वाढतो आणि इनलेट व्हॉल्व्हच्या ढिल्या सीलमधून ऑइल आत खेचले जाते. सपाटीला लागून आपण पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की ते सगळे एकदम जळते. भाच्याला दिसलेला धूर तोच असावा. ऑइल खालून चढण्याची वाट म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा. त्यांतली ऑइल रिंग थकली असली तरी उताराला ऑइल ओढले जाऊ शकते, त्यामुळे एवढ्यावरच निकाल देता येत नाही. परतीच्या वाटेवर घाट चढताना काय दिसले, हे आपण लिहिलेले नाही. रिंगा झिजलेल्या असतील तर भार पडताच, म्हणजे चढाला आणि ओव्हरटेक करताना, धूर येतो आणि भार असेपर्यंत येतच राहतो. चढाला सायलेन्सर स्वच्छ राहत असेल, तर संशय सीलवर पक्का होतो.

गॅरेजकडे पुन्हा जाण्यापूर्वी पंधरा दिवस एक वही ठेवावी. पहिल्याच सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, डिपस्टिक पुसून ऑइलची पातळी पाहावी. ऑइल वरच्या खुणेच्याही वर भरलेले असेल तर तेच धुराचे कारण असू शकते, आणि ते अगोदर कमी करून घ्यावे. त्यानंतर कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगून आपण मागे, सायलेन्सरच्या थेट रेषेत न येता, बाजूला उभे राहावे. गाडी शेडमध्ये असेल तर ती ढकलून उघड्यावर आणल्याशिवाय हे मुळीच करू नये. आपल्या गाडीत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असण्याची शक्यता कमी आहे (१९९५ सालापासून तो फक्त चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला होता), आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. निळा धूर पांढऱ्या भिंतीसमोर नीट दिसत नाही. मागे झाड किंवा गडद रंगाचे दार असेल तर स्पष्ट दिसतो. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरे सुती फडके काही क्षण धरावे. पाण्याचा डाग वाळून नाहीसा होतो, काजळी कोरडी असते आणि झटकली की उडते, तर ऑइलचा पिवळट तेलकट डाग तसाच राहतो. सकाळी आपण चोक ओढत असाल तर थोडा काळपट धूर आणि पेट्रोलचा वास येणारच, त्याची चिंता नको. चोक आत ढकलल्यावरही तो राहिला तर मात्र चोकची झडप अडकते आहे का, आणि एअर फिल्टर व कार्ब्युरेटरचा फ्लोट ठीक आहे का, हे पाहावे लागेल.

पुढची चाचणी रस्त्यावर करता येते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गाडी पाच-सात मिनिटे नुसती सुरू ठेवून उभी करावी आणि मग ॲक्सिलरेटर एकदम दाबावा. निळा लोट येऊन लगेच ओसरला तर ते सीलचे लक्षण. तेव्हाच इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण जपून उघडावे. तिथून किंचित वाफ दिसणे स्वाभाविक आहे, पण भातुकलीतल्या चुलीसारखा धूर ठोक्याठोक्याने बाहेर येत असेल तर जळते वायू रिंगांना चुकवून खाली उतरत आहेत. तसे असेल तर टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणारी रबरी नळी आणि तो डबाही आतून ऑइलने माखलेला सापडतो.

एवढे झाले की गॅरेजमध्ये जाऊन कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून द्या, असे स्पष्ट सांगावे. इंजिन गरम असताना तिन्ही प्लग काढून ते एक, दोन, तीन अशा क्रमाने मांडून ठेवायचे. एखादाच प्लग ओला, काळा आणि तेलकट असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा आहे, हे तिथेच कळते. इग्निशनची तार काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून, प्रत्येक सिलिंडरला गेज लावून पाच-सहा फेऱ्या स्टार्टर मारायचा आणि आकडे लिहायचे. तिन्ही आकडे कंपनीने दिलेल्या मापाच्या जवळपास असावेत आणि त्यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचे: आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनामधली पट्टी) गेले आहे. एक बाब मेकॅनिकने आपल्याला सांगायला हवी होती: व्हॉल्व्ह सील कितीही खराब झाले तरी कंप्रेशन उतरत नाही, कारण दाब धरण्याचे काम सीलचे नसून व्हॉल्व्हच्या बैठकीचे आणि रिंगांचे असते. म्हणूनच तिन्ही आकडे चांगले आणि सारखे आले आणि तरीही सकाळी निळा धूर येत असेल, तर फुल इंजिन करण्याचे कारणच उरत नाही.

पीयूसी मिळते म्हणून इंजिन ठणठणीत आहे, असेही समजू नये. पेट्रोल गाडीची ती तपासणी इंजिन गरम झाल्यावर आणि आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते सुरू ठेवून, होते, आणि तीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात. आपल्या गाडीचा धूर पहाटेच्या एका मिनिटात येऊन गेलेला असतो.

सील बदलण्यासाठी बहुतेक वेळा हेडसुद्धा उतरवावे लागत नाही. ज्या सिलिंडरचे काम करायचे त्याचा पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा भरून ठेवतात, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही. हवेची सोय नसेल तर काही जुने कारागीर त्याच भोकातून नायलॉनची दोरी आत सोडून पिस्टनचा आधार देतात. मग व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर बाजूला करून, स्प्रिंग दाबून, तिला अडवून धरणाऱ्या चिमुकल्या कॉटरची जोडी चुंबकाने उचलायची, स्प्रिंग काढायची, जुने सील पकडीने ओढायचे आणि नवे सील दांडीला ऑइल लावून हलक्या हाताने बसवायचे. हे सगळे सुरू होण्यापूर्वी हेडमधली ऑइल उतरण्याची भोके फडक्याने बंद केली आहेत ना, हे आपण स्वतः पाहावे. एक कॉटर हातातून निसटून त्या भोकात गेला तर अर्ध्या दिवसाचे काम इंजिनाच्या तळाचे ऑइलचे चेंबर उतरवण्यापर्यंत जाते. सहाच्या सहा सील एकदमच बदलावीत, आणि मिळत असतील तर व्हायटॉन रबराची घ्यावीत, कारण ती उष्णतेला अधिक टिकतात. स्प्रिंग निघालेली असतानाच व्हॉल्व्हची दांडी बाजूला हलवून पाहण्यास सांगावे. दांडी आणि गाइड यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांचीच जागा असते. ती हाताला खडखड जाणवण्याइतकी वाढली असेल तर नवी सीलही फार दिवस टिकणार नाहीत. मग हेड उतरवून गाइड बदलावे. तो खर्च अधिक आहे, तरीही फुल इंजिनाच्या मानाने बराच कमी.

जाड ऑइल घाला किंवा धूर थांबवणारे औषध ऑइलमध्ये ओता, हा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. तो मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाड ऑइल धूर काही दिवस लपवते, पण थंड सकाळी तेच ऑइल हेडपर्यंत पोचायला उशीर करते आणि कॅमशाफ्ट व रॉकर तेवढा वेळ कोरडे घासतात. आपली गाडी दोन हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल घेते आहे. हजार किलोमीटरला लिटरभर जाऊ लागले की इंजिन खोलण्याचा विचार करायचा असतो आणि आपण त्यापासून बरेच दूर आहात. तेव्हा घाईने निर्णय घेऊ नये. दर रविवारी डिपस्टिक पाहावी आणि शेजारच्यांच्या खिडकीत रोज सकाळी तो धूर जातो हे लक्षात घेऊन सीलचे काम पावसाळ्याआधी करून घ्यावे.

प्रश्न : आमची बारा वर्षांची पेट्रोल गाडी डिसेंबर-जानेवारीत सकाळी सुरू केली की पाच मिनिटे भरपूर पांढरा धूर येतो आणि सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडतात. शेजारी म्हणतात की हेड गॅस्केट उडाले आहे. उन्हाळ्यात असे काही होत नाही. गाडी मी रोज फक्त दीड किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत नेते.
— एक शिक्षिका, निफाड

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून तरी ही निव्वळ वाफ आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. इतर वेळी ते वाफेच्या रूपात न दिसता निघून जाते. निफाडची थंडी महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. तिथल्या गार पहाटे हीच वाफ थंड सायलेन्सरमध्ये आणि बाहेरच्या हवेत थिजून पांढरी दिसते आणि सायलेन्सर तापला की नाहीशी होते. आपल्या तोंडातून त्याच वेळी निघणारी वाफ याच कारणाने दिसते. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत तर पाणी आणखी जास्त तयार होते, त्यामुळे तशा गाडीच्या मालकांनी थेंब पाहून घाबरू नये.

तरीही शेजाऱ्यांची शंका मनातून काढून टाकायची असेल तर तिची तपासणी सोपी आहे. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, डब्यावर आजच्या पातळीला चिकटपट्टीची खूण करावी आणि दोन आठवडे दर सकाळी इंजिन थंड असताना पाहावे. पातळी हलली नाही तर हेड गॅस्केटची चर्चा तिथेच थांबवावी. पातळी उतरत असेल, धूर इंजिन गरम झाल्यावरही दाट राहत असेल आणि त्याला गोडसर वास येत असेल, तर मात्र कूलंट सिलिंडरमध्ये जात आहे. अशा वेळी गाडी न चालवता गॅरेजला कळवावे. कूलंट विषारी असते, त्यामुळे तो वास मुद्दाम सायलेन्सरजवळ नाक नेऊन घेऊ नये. चालत्या गाडीमागे चार-पाच हातांवरूनही तो कळतो. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह कोणीही करू नये, कारण आतले पाणी दाबाखाली असते आणि चेहरा भाजतो.

ऑइलच्या झाकणाच्या आतून सायीसारखा पांढरट थर दिसला की पुष्कळ मेकॅनिक लगेच हेड उतरवायला सांगतात. दीड किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो थर केवळ दमटपणामुळेही धरतो, कारण ऑइल पाणी उडून जाण्याइतके तापतच नाही. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर तो थर पुसून टाकावा. आपल्या गाडीला खरा धोका या कमी वापराचा आहे: सायलेन्सरमध्ये रोज साचणारे पाणी वाळत नाही आणि तो आतून गंजतो. आठवड्यातून एकदा तरी नाशिकपर्यंत किंवा पिंपळगावपर्यंत अर्धा तास सलग चालवून आणावी.

प्रश्न : आमची जुनी डिझेल जीप थंडीत तीन-चार वेळा स्टार्टर मारल्यावर सुरू होते. सुरू झाल्यावर ती हादरते आणि डोळे चुरचुरतील असा पांढरा धूर येतो. दोन मिनिटांत सगळे ठीक होते. कोणी म्हणते पंप गेला, कोणी म्हणते इंजिन.
— एक शेतकरी वाचक, चंदगड

उत्तर : डोळ्यांना झोंबणारा हा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. थंड सकाळी ती उष्णता पुरत नाही म्हणून जुन्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. चारपैकी एक-दोन जळालेले असले तर तेवढे सिलिंडर सुरुवातीला पेटत नाहीत. इंजिन हादरते ते त्यामुळेच, आणि त्या सिलिंडरमधले डिझेल तसेच धूर होऊन बाहेर पडते. आत ऊब आली की तेही कामाला लागतात.

पंपाला हात लावण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून हीटर प्लग तपासून घ्यावेत. सर्व प्लग जोडणारी पट्टी काढून, बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या टेस्ट लॅम्पची दुसरी तार एकेका प्लगच्या माथ्याला टेकवायची: दिवा लागला तर त्या प्लगची तार शाबूत आहे, न लागला तर प्लग गेला. सगळे ठीक निघाले तर पट्टीपर्यंत वीज पोचते का, म्हणजे रिले आणि फ्यूज, हे पाहावे. सकाळी चावी पहिल्या टप्प्यावर ठेवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी. एअर फिल्टरमध्ये इथर असलेला स्टार्टिंग स्प्रे मारून गाडी सुरू करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो लाल तापलेल्या प्लगवर भलत्या वेळी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो, म्हणून ते करू नये. नवे प्लग बसवूनही धूर राहिला, किंवा तो गरम इंजिनावरही दिसू लागला, तर इंजेक्टर काढून त्यांची फवारणी तपासावी, मग कंप्रेशन, आणि पंपाचे टायमिंग सर्वांत शेवटी. या क्रमाने गेल्यास बहुधा पंप उघडण्याची वेळ येणार नाही.